करडई : काळ्या रानातलं तेल

देवणी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पांढऱ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा वानेरा बैल. त्या बैलानं नांगरलेल्या काळ्या रानात रब्बीला करडई उभी असायची. लातूर, नांदेड, परभणीकडच्या घरांत फोडणीचा वास तिच्याच तेलाचा असे.

करडईचं सोटमूळ खोल उतरतं, म्हणून जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती पिकते. कोवळ्या पानांची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर होते. पुढे पानांना काटे येतात आणि त्यांचा खरा जाच काढणीला कळतो. पहाटे दवानं काटे मऊ असतात तेवढ्यात, हातांना फडकी गुंडाळून कापणी उरकायची. ऊन चढलं की हात घालवत नाही.

लाकडी घाण्यात बी पडलं की लाट फिरत राहते, मधूनमधून पाण्याचा हबका मारतात, त्यानं पेंड आवळते आणि तेल सुटतं. ताजं तेल गढूळ दिसतं. गाळ खाली बसला की वर सोनेरी, निवळ तेल उरतं. बियांचं टरफल जाड असल्यानं न सोललेल्या करडईची पेंड तंतुमय होते.

या तेलात जवळपास तीन चतुर्थांश वाटा लिनोलिक आम्लाचा. हे आम्ल हवेतला प्राणवायू झपाट्यानं ओढून घेतं. पातळ थर दिला तर तो वाळून घट्ट होतो, आणि लिनोलेनिक आम्ल नावापुरतंच असल्यानं फारसा पिवळा पडत नाही. म्हणून रंग-वॉर्निशवाल्यांना हे तेल आवडलं. स्वयंपाकघरात मात्र हाच गुण नडतो: तेल लवकर खवट होतं, आणि तळणीचं उरलेलं पुन्हा तापवणं तर वाईटच.

याउलट चीनच्या हुनान, जियांग्शी प्रांतांत चहाच्या भाऊबंदातल्या कॅमेलिया झाडाच्या बियांपासून तेल काढतात. त्यात सुमारे ८० टक्के ओलिक आम्ल असतं. ते आच सोसतं, टिकतं. करडईला हे जमणार नाही असं वाटेल, पण जमलेलं आहे. १९५७ मध्ये हॉरोविट्झ आणि विंटर यांना भारतातून गेलेल्या करडईच्या एका वाणात ओलिकच भरपूर सापडलं. त्या धाग्यावरून कॅलिफोर्नियात पॉल्डन नोल्स यांनी १९६६ मध्ये ‘यूसी-१’ हा वाण दिला.

करडईचं तेल असं दोन तऱ्हांचं असतं, म्हणूनच त्यावरच्या ‘हृदयाला चांगलं’ या लेबलाबद्दल मला खोलात जावंसं वाटतं. १९६६ ते १९७३ दरम्यान सिडनीत हृदयविकाराच्या ४५८ पुरुष रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांच्या आहारात संपृक्त चरबीऐवजी लिनोलिक करडई तेल आणि त्याचं मार्गारीन आलं. कोलेस्टेरॉल घटलं, पण मृत्यू जास्त झाले. त्या जुन्या नोंदींची फेरतपासणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका प्रयोगावर करडईला दोषी ठरवू नये. पण कोलेस्टेरॉल उतरवणारं तेल आपोआप आयुष्य वाढवतं, हा भरवसाही उरत नाही.

आज लातूरचा बाजार सोयाबीनचा आहे आणि सोयाबीनमागून हरभरा येतो. काटे, मावा कीड आणि मजुरांची चणचण या तिन्हींनी करडईला मागे सारलं. काट्यांवर उपाय निघाला आहे: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा ‘नारी-६’ आणि परभणी कृषी विद्यापीठाचा ‘पीबीएनएस-४०’ हे बिनकाटेरी वाण आहेत. भरपूर ओलिकच्या करडईला मात्र बाजारातही वेगळी वाट हवी. बी वेगळं पेरावं लागेल, शेजारच्या वाणाशी संकर टाळावा लागेल, घाण्यावर वेगळं गाळावं लागेल, आणि खरेदीदारानं ते वेगळं ओळखून भाव द्यावा लागेल.