मेन, क्रॉस आणि शून्य-एकचा पत्ता

बंगळूरच्या इंदिरानगरात पत्ता सांगण्याची सोपी रीत आहे : अमुक मेन, तमुक क्रॉस. मेन रस्ते एका दिशेने, क्रॉस त्यांना आडवे. प्रत्यक्षात रस्ते वळतात, मध्येच संपतात. पण कॅडेट मित्रांनो, आपण कागदावर चार मेन आणि चार क्रॉस यांची सरळ जाळी काढू. चौक म्हणजे बिंदू आणि लगतच्या दोन चौकांमधला रस्ता म्हणजे कड. अशा आकृतीला गणितात आलेख म्हणतात.

आता चौकाच्या दोन्ही क्रमांकांची बेरीज करा. दुसरा मेन, तिसरा क्रॉस : बेरीज ५, विषम. कोणत्याही बाजूला एक चौक सरका. बेरीज सम होते. म्हणजे चौकांचे दोन गट पडले आणि प्रत्येक रस्ता एका गटातून दुसऱ्या गटातच जातो. हा द्विभागी आलेख. म्हणूनच कितीही भटकून मूळ चौकात परतलात, तरी टप्पे समच भरतात. एखाद्या तिरक्या गल्लीने त्रिकोण झाला, की हा नियम मोडला.

आता ० आणि १ वापरून तीन अंकी शब्द लिहा. ते आठ होतात. एकाच अंकाचा फरक असलेले शब्द जोडले, की घनाचे ८ कोपरे आणि १२ कडा मिळतात. अंक वाढवत गेलात की अतिघन. त्यात १ किती वेळा येतो, सम की विषम, यावरून तोही द्विभागी ठरतो.

चार मेनना ०००, १००, ११०, १११ असे क्रमांक द्या, क्रॉसनाही तसेच. दुसरा मेन, तिसरा क्रॉस म्हणजे १०० ११०. एक चौक चाललात की एकच अंक बदलतो. आपली जाळी सहा अंकी अतिघनात चपखल बसली! दोन पत्त्यांत जितके अंक वेगळे, तितके टप्पे अंतर.

मग प्रत्येक द्विभागी आलेख असा बसतो का? नाही. दोन प्रशिक्षक घ्या आणि दोघांशीही जोडलेले तीन कॅडेट. अतिघनात दोन कोपऱ्यांना सामाईक शेजारी असतील तर दोनच असतात. तिसऱ्याला जागा नाही.

याचा उपयोग संदेशात होतो. १०० ११० मध्ये १ तीनदा आहे. शेवटी आणखी एक १ जोडून संख्या सम करा. वाटेत एक अंक बिघडला, तर संख्या विषम होईल आणि चूक उघडी पडेल. दोन अंक बिघडले, तर मात्र ही युक्ती फसते. चूक शोधून ती दुरुस्तही करणारे संकेत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडले.

जाता जाता : पाच मेन आणि चार क्रॉस असतील, तर याच रीतीने पत्त्याला किती अंक लागतील?