भविष्यकाळाला लिंग नसतं

हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' आणि मध्येच वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय आहे गेल्या दहाएक वर्षांतल्या क्विअर विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. पण हे पुस्तक परीक्षण नाही. ही पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि वाचणारं डोकं मराठी आहे, त्यामुळे वाचताना एक गंमत होत राहते. माणूस पुरुष की स्त्री, हे मराठी आपल्याला कुठे सांगायलाच लावते आणि कुठे लावत नाही, एवढंच मला आज समजावून सांगायचंय. शेवट एकाही पुस्तकाचा फोडणार नाही, निर्धास्त ऐका.

सगळ्यांनाच 'ती'

सुरुवात अ‍ॅन लेकी यांच्या 'ॲन्सिलरी जस्टिस'पासून. कादंबरी 2013 ची, आणि पुढच्या वर्षी ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर सी. क्लार्क असे तिन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. यातला निवेदक ब्रेक हा एकेकाळी एका युद्धनौकेच्या एआयचा भाग होता. हजारो शरीरं, मन एक. आता एकच शरीर उरलंय. ज्या साम्राज्यातून ब्रेक आलाय, त्यांच्या भाषेत स्त्री-पुरुष असा भेदच नाही. इंग्रजीत हे दाखवायला लेकींनी सरळ सगळ्यांना 'शी' म्हटलं. सेनापती 'शी', शिपाई 'शी', बर्फात पडलेला एक जुना ओळखीचा अधिकारी, तोही 'शी'. तो पुरुष आहे हे ब्रेक स्वतः सांगतो, तरी पुढे 'शी'च म्हणत राहतो.

बघा, मी आत्ता 'ब्रेक हा', 'ब्रेक सांगतो' म्हणून गेलो. पुस्तकात असं काही नाही. हे मराठीने माझ्याकडून करून घेतलं. याच्यावर येतोच.

हा प्रश्न लेकींच्या आधीपासूनचा आहे. अर्सुला ले ग्विन यांनी 1969 च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये एक अख्खा ग्रह असा रचला, जिथली माणसं एरवी ना पुरुष असतात ना स्त्री. पण सर्वनाम वापरलं 'ही'. त्यावर टीका झाली, आणि पुढे त्यांनाही तो निर्णय पुरेसा वाटेना. त्याच ग्रहावरची एक जुनी कथा 1975 च्या संग्रहात घेताना त्यांनी सगळीकडे 'शी' केलं, पण 'राजा' हा शब्द तसाच ठेवला. राजा आहे आणि 'ती' आहे. वाचताना डोकं दर ओळीला ठेचकाळतं, आणि तेच हवं होतं.

पण गंमत अशी की इंग्रजीत हा सगळा झगडा फक्त सर्वनामाशी आहे. एक शब्द बदलला की काम झालं. मराठीत तसं नाही.

मराठीचा फॉर्म

तुम्ही वेबसाइटवर फॉर्म भरता तेव्हा काही रकान्यांपुढे लाल चांदणी असते. ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठीत लिंग हा असा लाल चांदणीचा रकाना आहे, पण प्रत्येक पानावर नाही.

साधा भूतकाळ घ्या. तो गेला, ती गेली. चांदणी आहे. साधा वर्तमान: तो जातो, ती जाते. इथेही आहे. आणि इंग्रजीत जे कधीच होत नाही ते इथे होतं: 'मी' म्हटलं तरी सुटका नाही. मी गेलो की मी गेले? समोरच्यालाही तेच, तू गेलास की गेलीस? विशेषणंसुद्धा चुगली करतात: बरा, बरी, थकलेला, थकलेली.

आता भविष्यकाळ बघा. तो जाईल, ती जाईल. मी जाईन, तू जाशील. चांदणी गायब! हिंदीत हे होत नाही, तिथे 'जाएगा' आणि 'जाएगी' असतंच. मराठीच्या भविष्यकाळाला मात्र लिंग नसतं. 'जाणार आहे'लाही नाही. 'जात आहे'लाही नाही, पण बोलताना त्याचं 'जातोय, जातेय' केलं की चांदणी परत हजर.

अजून पळवाटा आहेत. 'मी चहा केला' यात क्रियापद चहाच्या मागे जातं, करणाऱ्याच्या नाही. 'मला आवडतं' यातही मी कोण ते कळत नाही. आणि आदरार्थी बहुवचन: 'ते' आणि 'त्या' वेगळे, पण 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' हे दोघांनाही सारखंच. इंग्रजीत एका माणसासाठी 'दे' वापरण्यावरून एवढे वाद होतात, आणि आपण सासूबाई-सासरेबुवांसाठी तसलंच रूप रोज वापरतो.

बोलींमध्ये तर अजून मजा. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात, आणि त्यावरून कोणी त्यांना पुरुष समजत नाही. मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी, आणि शब्द नपुंसकलिंगी. म्हणजे शाळेच्या व्याकरणात जेवढ्या पक्क्या भिंती दिसतात, तेवढ्या त्या पक्क्या नाहीत.

चहा देणारा साधू आणि रोबो

हे डोक्यात ठेवून बेकी चेंबर्स यांचं 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट' वाचा. 2021 चं छोटंसं पुस्तक, 2022 चा ह्यूगो मिळालेलं. डेक्स गावोगाव फिरून लोकांना चहा देतात आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकतात. एक प्रकारचे साधूच. डेक्स स्त्रीही नाहीत, पुरुषही नाहीत, आणि पुस्तकात त्यावर कोणी चर्चाही करत नाही. मग जंगलात त्यांना मॉसकॅप नावाचा रोबो भेटतो. त्याला काय म्हणायचं असं विचारल्यावर तो 'इट' म्हणा सांगतो. आपण वस्तू आहोत यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

डेक्ससाठी आपलं आदरार्थी रूप चपखल बसतं. 'डेक्सनी चहा केला, त्यांना झोप आली नाही.' साधूला अहो-जाहो करणं आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. पण 'डेक्स निघाले' म्हटलं की कानाला परत पुरुषच ऐकू येतो. मॉसकॅपला 'ते' म्हणायचं, तर 'ते आलं' हे आपण लेकरासाठी किंवा वासरासाठी प्रेमाने म्हणतो, आणि मोठ्या माणसासाठी म्हटलं तर अपमान होतो. रोबोला ते शोभेल. जिवंत माणसाला, जो स्वतःला तो किंवा ती मानत नाही, 'ते आलं' म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांना स्वतःला हवं असेल तर गोष्ट वेगळी. ते विचारावं लागतं, आणि सांगतील ते पाळावं लागतं.

लपत नाही, हेही बरं

आता उलटं उदाहरण. अमल एल-मोहतार आणि मॅक्स ग्लॅडस्टोन यांचं 'दिस इज हाउ यू लूज द टाइम वॉर', 2019. रेड आणि ब्लू या काळाच्या युद्धातल्या दोन विरुद्ध बाजूंच्या हेर. एकमेकींच्या योजना उधळता उधळता त्या पत्रं लिहायला लागतात. पत्रंही कुठे, तर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांत, उकळत्या पाण्यात. आणि प्रेमात पडतात.

इंग्रजीत पत्र म्हणजे 'आय' आणि 'यू'. पानंच्या पानं अशी जातात की या दोघी बायका आहेत हे विसरायला होतं. काही परिच्छेद मी मनातल्या मनात मराठीत करून बघितले, आणि ते विसरणं अशक्य झालं. 'तू आलीस तेव्हा मी वाट बघत होते.' एका वाक्यात दोन स्त्रिया, दोन्ही क्रियापदांत उघड. मला हे फार आवडलं. जी चांदणी डेक्सच्या वेळी नकोशी वाटत होती, तीच इथे साक्षीदार झाली. या प्रेमाला 'कोणीतरी कोणावर तरी प्रेम करतं' असं पुसट करता येत नाही. मराठी करूच देत नाही.

म्हणून 'मराठीत हे जमत नाही' किंवा 'आपली भाषा मागास आहे' ही वाक्यं मला पटत नाहीत. भाषेत लपायच्याही जागा आहेत आणि उघड व्हायच्याही. कुठली कधी लागते हा खरा प्रश्न आहे.

हे माझ्या घरी कसं चाललं

हा प्रश्न माझ्यासाठी फक्त पुस्तकातला नाही. मी आणि माझा जोडीदार चार वर्षं एकत्र राहतोय. पहिली दोन वर्षं घरी माहीत नव्हतं. आईशी फोनवर बोलताना मी वरच्या सगळ्या पळवाटा वापरल्या, तेव्हा त्यांचं व्याकरण माहीत नसताना. 'कोणी आहे का?' 'आहे.' 'काय करते ती?' बघा, रकाना आईनेच भरला. 'आयटीतच आहे.' 'जेवायला काय करते?' 'आज बाहेरून मागवणार आहोत.' भविष्यकाळात सगळं निभावतं.

पण आयुष्य भूतकाळातही घडतं. त्याला डेंगी झाला, मी आठवडाभर सुट्टी घेतली. आईने विचारलं, सुट्टी कशाला? मी म्हटलं, 'तो ॲडमिट होता.' पलीकडे बराच वेळ काही नाही. मग आई म्हणाली, 'आता बरा आहे ना?'

'बरा.' वर्षभर 'ती' म्हणणाऱ्या आईने एका विशेषणात रकाना दुरुस्त केला. पुढे रडारड झाली, बाबा महिनाभर बोलले नाहीत, ते सगळं झालंच. पण त्या एका काना-मात्रेवर मी बराच काळ काढला.

त्यानंतर वाचलेलं पुस्तक म्हणजे श्रीलंकेचे लेखक वज्र चंद्रसेकेरा यांचं 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स'. 2023 ची कादंबरी, नेब्युला मिळालेली. नायक फेटर, त्याला सावली नाही, आणि आईने त्याला बापाला मारण्यासाठीच वाढवलंय. तो शहरात येतो. तिथे त्याचा हेज नावाचा बॉयफ्रेंड आहे. वाचताना मी वाट बघत होतो की आता हे कळेल आणि गोंधळ होईल. तसा धक्का येतच नाही. फेटरकडे लपवायला भरपूर आहे, पण हे नाही. त्याच्या शहरातली संकटं वेगळी आहेत: कागदपत्रं, जातवंशाच्या वर्गवाऱ्या, साथी, दंगली. वाट बघत राहण्याची सवय माझी होती, पुस्तकाची नव्हती. हे कळलं तेव्हा हलकं वाटलं.

लिहिणाऱ्यांसाठी

तुमच्यापैकी कोणी मराठीत असं काही लिहीत किंवा अनुवादत असाल, तर हत्यारं हाताशी आहेत: भविष्यकाळ, 'णार', 'त आहे', 'मी केलं'सारखी रचना, 'त्यांनी', आणि नावालाच 'ने' जोडणं. एक अडचण मात्र राहते. विज्ञानकथा उद्याबद्दल असल्या तरी सांगितल्या जातात भूतकाळातच: यान उतरलं, ती बाहेर आली. म्हणजे चांदणी लागणारच. तिथे कोण आहे हे लपवायचं नसेल तर सरळ लिहा. 'तो त्याची वाट बघत होता' हे मराठी वाक्य शुद्ध आहे, त्यात काहीही तुटत नाही.

पुढच्या भागात अनुवादाबद्दल अजून बोलू. तोपर्यंत यातलं एखादं पुस्तक मिळालं तर वाचा, आणि एखादं पान मनातल्या मनात मराठीत करून बघा. भेटूच.