आधी पाणी, मग मासे

ईद झाली की मुलांच्या हातात ईदी असते आणि अनेक घरांत हट्टही ठरलेला असतो : फिशटँक हवा. अब्बू मुलांना घेऊन बाजारात जातात. काचेची टाकी, रंगीत खडे, पंप आणि पिशवीत सहा मासे अशी सगळी खरेदी एकाच फेरीत होते. संध्याकाळी टाकीत नळाचे पाणी भरून मासे सोडले जातात. आठवडाभरात एकेक मासा मरून वर तरंगू लागतो. मुले रडू लागली की घरातले कोणी वडीलधारे समजूत घालतात, "जाऊ दे बेटा, घरावरची बला त्याने स्वतःवर घेतली."

मुलाचे डोळे पुसण्यापुरते हे बोलणे ठीक वाटते. पण त्यामुळे मासा का मेला, हे कोणी शोधतच नाही आणि पुढच्या रविवारी नवे सहा मासे घरी येतात. कारण बहुतेक वेळा टाकीतच असते आणि ते अगदी साधे आहे. मासे आपल्याच शरीरातून बाहेर पडणाऱ्या विषाने मेलेले असतात.

माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजले की त्यात आणखी भर पडते. नदीत किंवा तळ्यात भरपूर पाणी असते. टाकीतले पाणी मोजके, त्यामुळे तिथे हे विष लवकर साचते. ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ असूनही विषारी असू शकते. कुदरतीने यावर उपाय ठेवला आहे. काही सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात. नायट्राइटही घातकच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि थोडे थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात. नव्या टाकीत ही वस्ती नसते. ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून ईदीतून टाकी आजच घ्या, मासे महिन्या-दीड महिन्याने आणा.

टाकी मांडताना

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावते. काच आणि खडे धरून तिचे वजन साठ-सत्तर किलोंवर जाते. तेव्हा ती टीव्हीच्या टेबलावर किंवा फ्रीजवर न ठेवता मजबूत, सपाट स्टँडवर ठेवा. खिडकीचे थेट ऊन पडले तर हिरवे शेवाळ माजते. पंपाची वायर बोर्डाखाली थोडी लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत जाणार नाही. जवळपास लोबान, मच्छर अगरबत्ती किंवा फवारा वापरू नका. हवेचा पंप तोच धूर ओढून पाण्यात सोडतो.

टाकी आणि खडे साध्या पाण्याने धुवा, साबण अजिबात नको. खडे घेताना त्यांवर सिरक्याचे दोन थेंब टाकून पाहा. फेस आला तर त्यात चुना आहे. असे खडे, शिंपले आणि संगमरवराचे तुकडे पाण्याचा जडपणा वाढवतात. ते टाकीत घालू नका.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारते. दुकानात क्लोरीन घालवणारे थेंब मिळतात. ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. नुसते आरओचे पाणी भरू नका. त्यात माशांना लागणारे क्षार फारच कमी उरतात.

रिकाम्या टाकीचा महिना

फिल्टर पहिल्या दिवसापासून चोवीस तास चालू ठेवा. वीज वाचवायला रात्री तो बंद करू नका. ऑक्सिजनअभावी जिवाणू मरतात. टाकीत मासे नसले तरी रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना खुराक मिळेल. कोणा नातेवाइकाची जुनी, निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. काम बरेच लवकर होते. सुरुवातीला पाणी दुधाळ दिसले तर घाबरू नका, ते आपोआप निवळते.

पाणी तपासण्याचे किट घ्या आणि दर दोन-तीन दिवसांनी आकडे वहीत लिहिण्याचे काम मुलांवर सोपवा. आधी अमोनिया वाढेल, मग तो उतरून नायट्राइट वाढेल. खाद्य रोज पडत असूनही दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. त्या दिवशी अर्धे पाणी बदला आणि मग बाजारात जा.

मासे आणताना

पहिल्यांदा चार-पाच गप्पी किंवा प्लॅटी पुरेत. गोल्डफिश छोट्या टाकीसाठी नाही. तो मोठा होतो आणि घाणही फार करतो. गोल भांड्यात तर तो कोंडूच नये. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग तिच्यात टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळा आणि जाळीने फक्त मासे सोडा. पिशवीतले पाणी मोरीत ओता. दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्या. पुढचे मासे दोन आठवड्यांनी, पाणी पुन्हा तपासून आणा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्याच पाण्यात खळबळून घ्या.

मुका जीव घरात आणला की तो आपल्याकडे अमानत असतो. त्याला ना भूक सांगता येते, ना गुदमरणे. मासा वर येऊन तोंड उघडमिट करू लागला किंवा त्याचे कल्ले लालभडक दिसले, तर त्याच घटकेला पाणी तपासा. अमोनिया निघाला तर क्लोरीन घालवलेले पाणी घेऊन अर्धी टाकी बदला. एवढ्याने मासे वाचू शकतात.