झाडावर चढायचा दोर

फाल्गुन लागला, की जत, आटपाडी, कवठे महांकाळ या भागात चिंचा झोडायला माणसं झाडावर चढतात. तिकडे महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरात हिरड्याला चढतात. पुढे आंबा येतो, जांभूळ येतं. झाड बदलतं, पण चढायची रीत तीच. धोतर किंवा विजार वर खोचायची, काठी पाठीला लावायची आणि बुंध्याला मिठी मारायची.

दोर का घेत नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "आमचा आज्जा असाच चढायचा. आमी बी असंच चढतो." आज्जा चढायचा हे खरं. पण आज्जाच्या वेळेला किती जण पडले, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आमच्या माहितीतले एक गृहस्थ चिंचेवरून पडले. झाड त्यांच्याच बांधावरचं. दर साल चढून त्याची फांदी न् फांदी पाठ झालेली. फांदी मोडली नाही, पाय घसरला नाही. एका हातानं फांदी धरली होती, दुसऱ्या हातानं काठी मारली, आणि तोल गेला. मणक्याला मार बसला. आता ते बाजेवर बसून दावी वळतात. त्या दिवशी झाडाखाली दोन पाट्या चिंच पडली होती.

असं बघा, दोन्ही हातांनी झाड धरलेलं असतं तोवर माणूस सहसा पडत नाही. काम सुरू झालं की एक हात सुटतो. म्हणून दोर दोन लागतात. एक पायाला, वर जाण्यासाठी. दुसरा कमरेला, हात मोकळे राहण्यासाठी. पायाचा दोर घरी वळलेला चालतो. कमरेच्या दोराचं तसं नाही. ते पुढे सांगतो.

आधी पायाचा दोर. घायपात आपल्याकडे बांधाला, ओढ्याकाठी पुष्कळ आहे. त्याची पानं कापून दगडाखाली पाण्यात दाबून ठेवतात. पानं कुजली की दगडावर बडवून धुतात. गर निघून जातो आणि पांढरा वाख हाती येतो. पानाच्या रसानं अंग खाजतं, तेव्हा पिण्याच्या पाण्यात पानं टाकू नयेत. अंबाडीचंही असंच. तिच्या काड्या भिजवून साल सोडवतात.

वाख वाळला, विंचरला, की पीळ द्यायचा. यात एक गंमत आहे. आधी एकेक पेड एका बाजूला पिळतात. मग तीन पेड एकत्र घेऊन उलट्या बाजूला पिळतात. पेड सुटायला बघतो एकीकडे, दोर सुटायला बघतो दुसरीकडे. दोघं एकमेकांना अडवतात, म्हणून दोर उलगडत नाही. ही विद्या आपल्या गावात मातंग समाजाच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मोटेचा नाडा, सोंदूर, कासरे, दावी, शिंकी, सारं त्यांच्या हातचं. विहिरीवर इंजिन आलं, मोट गेली आणि नाड्याचं गिऱ्हाईक गेलं. पण गावात अजून एखादा म्हातारा हात असेल, तर त्याच्याकडून दोर वळून घ्यावा आणि दाम रोख द्यावा. बाजारच्या दोरात पीळ सैल असतो, असा आमचा अनुभव आहे.

आता या दोराच्या पायऱ्या करू. करंगळीएवढा जाड, नऊ हात लांब दोर घ्या. तो मध्ये दुमडा. दुमडीला गाठ मारून एक लहान डोळा ठेवा. मग दोन्ही पदर मिळून हातभर अंतरानं गाठी मारत या. दोन गाठींमध्ये जी फट राहते, तीच पायरी. अशा तीन पायऱ्या होतात. तळाशी टोकं पक्की बांधा. पाय घालताना फट मिटते, म्हणून एका पदरावर आधीच पाण्याच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा ओवून ठेवावा. पायही कापत नाही.

हे लटकवायचं कशाला? त्यासाठी वेगळा जाड दोर घ्या, बुंध्याच्या घेरापेक्षा दोन हात लांब. त्याच्या एका टोकाला डोळा करा. दोर बुंध्याभोवती फिरवून दुसरं टोक त्या डोळ्यातून काढा आणि ओढा. हा सरकफास झाला. खाली लोंबणाऱ्या टोकाला पायऱ्या बांधा. पायरीवर जेवढं वजन पडेल, तेवढा फास आवळतो. चिंच, आंबा यांची साल खरबरीत, तिथं फास चांगला बसतो. गुळगुळीत सालीवर किंवा भिजलेल्या झाडावर घसरतो. तिथं चढूच नये.

पहिल्या फांदीपर्यंत जायला असे दोन-तीन जोड पुरतात. सगळे मिळून पिशवीत मावतात, खांद्याला ओझं होत नाही. लाकडी शिडी चार शेतांपलीकडे कोण नेणार? वर गेल्यावर जोड सोडू नयेत. उतरायला तीच वाट आहे.

आता कमरेचा दोर, म्हणजे जिवाचा दोर. हा घरी वळलेला नको, आणि गुरांचा तर मुळीच नको. दाव्याला गोमूत्र लागतं, खताच्या पोत्याशी ते पडतं, ऊन-पाऊस खातं. वरून धड दिसतं, आत कुजलेलं असतं. पीळ उलटा करून आत बघा. भुसा पडला किंवा काळं दिसलं, तर तो दोर माणसाच्या कामाचा नाही. बाजारातला प्लास्टिकचा रंगीत दोरही नको. उन्हानं तो कडक होऊन तुटतो आणि घासला की वितळतो. अंगठ्याएवढा जाड, नवा नायलॉनचा दोर घ्यावा.

तो नुसता कमरेला बांधला तर माणूस लोंबकळताना पोट आवळतं, श्वास कोंडतो. मांड्यांना आधार हवा. अमेरिकेत हरणाचे शिकारी झाडाला दोर बांधून पट्ट्याच्या बैठकीत बसतात. त्या बैठकीला ते खोगीर म्हणतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, आणि २०१० पासून कोयना-चांदोलीचं रान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. शिकार आपल्याला नको. पण खोगीर घ्यायला हरकत काय? बांधकामावरचे मजूर वापरतात तो मांड्यांच्या पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट तालुक्याच्या बाजारात मिळतो. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एक घेतला तरी पुष्कळ.

बेल्टचा दोर बुंध्याभोवती किंवा जाड फांदीभोवती घेऊन परत बेल्टलाच अडकवायचा. तो जमिनीवरच अडकवायचा आणि चढताना वर सरकवत न्यायचा. मध्ये फांदी आली की माणसं दोर सोडतात आणि पलीकडे पुन्हा बांधतात. नेमका तेवढ्यात घात होतो. म्हणून दोर दोन ठेवावेत. वरचा अडकवल्याशिवाय खालचा सोडू नये. आणि फांदी ओळखून दोर टाकावा. चिंचेची फांदी चिवट. जांभूळ, शेवगा ठिसूळ. वाळलेल्या फांदीला तर हातही लावू नये.

आणखी एक गाठ शिकण्यासारखी आहे. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियातल्या गिर्यारोहकानं ती १९३१ साली लोकांपुढे आणली. बारीक दोराचं कडं करून ते जाड दोराभोवती तीन वेढे घालतात आणि स्वतःतूनच ओढून घेतात. हातानं ढकललं तर गाठ वर सरकते, वजन पडलं की जाग्यावर धरते. घरी खुंटाला दोर बांधून, गुडघाभर उंचीवर, आधी करून बघा. महिनाभर सराव झाल्याशिवाय तिच्या भरवशावर झाडावर जाऊ नका.

चढण्याआधी झाड फिरून बघावं. वर आग्या मोहोळ नाही ना, जवळून विजेची तार जात नाही ना. तार असेल तर ते झाड सोडून द्या. खाली एक जाणता माणूस हवा, पण बरोबर फांदीखाली नको.

आणि कुणी पडलंच, तर चौघांनी हातापायाला धरून उचलू नये. मणका मोडलेला असेल तर अशा उचलण्यानं कायमचं पांगळेपण येऊ शकतं. आहे तिथंच सपाट पडू द्यावं, मान हलू देऊ नये, आणि १०८ नंबरला फोन करावा. बेल्टमध्ये लोंबकळून माणूस निपचित झाला, तर मात्र त्याला लवकर खाली घ्यावं.

काम संपलं की दोर झटकून सावलीत वाळवा. जिवाच्या दोराला लाल चिंधी बांधा आणि तो माळ्यावर वेगळ्या खुंटीला टांगा, म्हणजे घाईच्या वेळी कुणी तो म्हशीच्या गळ्यात घालणार नाही.