जुनी एअर रायफल घेताना

जालना, अंबड किंवा भोकरदनमधल्या एखाद्या मुलाने १० मीटर नेमबाजी मनावर घेतली की पालकांपुढे प्रश्न उभा राहतो तो रायफलीचा. नवी परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते, म्हणून वापरलेली शोधली जाते. अशा वेळी रायफलीची पिढी ओळखता यायलाच हवी.

फाइनवेर्कबाउ ३०० सारख्या जुन्या रायफलीत स्प्रिंग-पिस्टन असतो. पुढच्या ६०० मालिकेत प्रत्येक गोळीआधी लिव्हर ओढून हवा दाबावी लागते. या दोन्हींना सिलिंडर लागत नाही. मात्र स्प्रिंग आणि सील झिजलेले नाहीत ना, हे तपासावे.

आजच्या रायफली सुमारे २०० बार दाबाच्या सिलिंडरवर चालतात. लिव्हर ओढण्याचे कष्ट वाचतात आणि दस्ता मुलाच्या उंचीनुसार जुळवता येतो. येथे सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. उत्पादक त्याचे आयुष्य साधारण १० वर्षे धरतात. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत मिळवा. हवा भरण्याची सोय जवळपास आहे का, तेही पाहा.

लक्ष्यावरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो. म्हणून रायफल टेकवून पाच गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

४.५ मिमी कॅलिबर आणि २० ज्यूल ऊर्जा या मर्यादेतल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. तरी मूळ बिल मागून घ्या. मुलाला पेलेल आणि दुरुस्त करता येईल, तीच रायफल निवडा.