गोवा पासिंगची गाडी आणि सिंधुदुर्गातले समज

बांदा सोडलं की पत्रादेवी, आणि तिथून म्हापसा फार लांब नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला भागातली कितीतरी माणसं रोज सकाळी कामाला गोव्यात जातात आणि रात्री घरी जेवायला परत येतात. मोठं दुखणं निघालं की बांबोळीचं इस्पितळ, नोकरी शोधायची तर म्हापसा नाहीतर मोपाचा विमानतळ, आणि निम्मी सोयरीक पेडणे-डिचोलीत. इतकी ये-जा असलेल्या माणसाला जुनी मोटार घ्यायची झाली तर तो आधी गोव्यातच चौकशी करणार. गाडी मिळते, व्यवहार होतो, पेढे वाटून होतात. नंबर मात्र ‘जीए ०३’च राहतो आणि वर्षं सरतात.

अडचण तिथे सुरू होते. विक्रेता, ओळखीचा एजंट आणि शेजारी, तिघंही तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि त्यातली एखादीच पूर्ण खरी असते. ‘गोव्याची गाडी घेतलंय, टॅक्स भरलेलो आसा, आता परत कित्याक?’ हा प्रश्न मालवणपासून बांद्यापर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर मात्र फारसं कोणी देत नाही.

पहिला समज अगदी उलट टोकाचा : परराज्याच्या नंबरची गाडी इथे चालवणंच बेकायदा आहे. तसं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४६ नुसार देशातल्या कोणत्याही राज्यात झालेली नोंदणी सगळ्या भारतात चालते. चतुर्थीला सुरतेहून आलेला चाकरमानी जीजे नंबरची गाडी घेऊन देवबागेत पंधरा दिवस राहिला, किंवा बेळगावचं कुटुंब केए नंबर घेऊन तारकर्लीला उतरलं, तर त्यात काहीच गैर नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स जवळ असलं की पुरे.

कायदा वेगळंच विचारतो : गाडी कायमची कुठे उभी असते आणि ती कोणाच्या नावावर आहे? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. दोन्हींची मुदतही वेगळी आहे, आणि सिंधुदुर्गातला जवळजवळ सगळा गोंधळ त्या दोन मुदती एकत्र केल्यामुळे झालेला आहे.

‘वर्षभर काही करावं लागत नाही’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते कलम ४७ मधून आलं. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर मालकाने तिथला नवा नंबर घ्यायचा, असं ते कलम सांगतं. ही सवलत मुळात बदली होऊन आलेल्या, स्वतःचीच गाडी सोबत आणलेल्या माणसाच्या उपयोगाची. पणजीत नोकरी करणारा सावंतवाडीचा माणूस आपली गोवा पासिंगची गाडी घेऊन घरी परतला, तर त्याला हे बारा महिने मिळतात.

गाडी दुसऱ्याकडून विकत घेतली असेल तर कलम ५० लागू होतं, आणि त्यात वर्षबिर्ष काही नाही. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत मालकी बदलाची माहिती परिवहन कार्यालयाला द्यायची. विकणाऱ्यानेही व्यवहार कळवायचा आहे : राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, आणि गाडी राज्याबाहेर जात असेल तर ४५ दिवसांत, ना-हरकत दाखल्यासह. म्हणजे म्हापशाहून गाडी आणून ‘अकरा महिने तरी निवांत’ म्हणणारा माणूस दुसऱ्याच महिन्यात मुदतीबाहेर गेलेला असतो.

हे नुसतं कागदी नियमाचं प्रकरण नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे एक मोटार आली होती. २००७ मध्ये मूळ मालकाने ती विकली, पुढे ती आणखी काही जणांच्या हातांतून गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. मे २००९ मध्ये मागे घेताना त्या गाडीने दोघांना धडक दिली आणि त्यातला एक जण दगावला. भरपाई कोणी द्यायची? ६ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. गाडी विकून जवळजवळ दोन वर्षं झालेल्या माणसावर ती जबाबदारी आली. म्हणून गोव्यातल्या विक्रेत्यानेच खरं तर ट्रान्सफरसाठी मागे लागायला हवं. ‘सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० देतो, तुम्ही सवडीने करा’ असं म्हणणारा विक्रेता स्वतःच्याच मानेवर ओझं ठेवून घेत असतो.

विम्याचंही तसंच. गाडी विकली की तृतीय पक्षाचा विमा कलम १५७ मुळे नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण तसं जात नाही. विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. आंबोली घाटात पावसाळ्यात दरड किंवा झाड गाडीवर पडलं आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असली, तर दावा तिथेच अडतो.

आता कराकडे येऊ, कारण लोक खरे थांबतात ते तिथे. ‘गोव्यात आयुष्यभराचा कर भरलेला आहे, तोच इथे धरतात’ हा समज फार खोल गेला आहे. वाहनकर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतला विषय आहे. गोव्याच्या तिजोरीत गेलेला पैसा महाराष्ट्र आपल्या करातून वजा करत नाही. गाडी इथे नोंदवायची तर महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. मात्र याच्या पलीकडची भीतीही तितकीच चुकीची आहे : जुन्या गाडीवर नव्या गाडीएवढा कर बसत नाही. गाडीचं वय जसं वाढतं तसा आकारायचा कर कमी होतो.

नव्या गाडीचा दर माहीत असला की अंदाज बांधता येतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के कर आहे. डिझेलला हेच आकडे १३, १४ आणि १५ होतात. समजा, एखादी पेट्रोल गाडी नवी असताना आठ लाखांची होती. तिचा नवेपणीचा कर ८८,००० रुपये. वयानुसार घट होऊनही चार-पाच वर्षांच्या गाडीचा कर काही हजारांत मिटण्याची आशा धरू नये. सौदा करताना हा आकडा परिवहन कार्यालयातून आधी काढून घ्यावा आणि गाडीच्या किमतीत मिळवावा. मग ‘गोव्यात पन्नास हजारांनी स्वस्त’ मिळालेली गाडी खरंच स्वस्त आहे का, ते कळतं. पुष्कळदा नसते.

गोव्यात भरलेल्या करापैकी उरलेल्या काळाचा परतावा मागायचा असेल तर तो मागायचा गोव्याच्याच कार्यालयात आणि त्या राज्याच्या नियमांप्रमाणे. ओरोसच्या, म्हणजे सिंधुदुर्गाच्या परिवहन कार्यालयाच्या, खिडकीवर त्यासाठी वाद घालण्यात दिवस फुकट जातो.

मग नवी गाडीच गोव्यातून घ्यावी, तीही तिथल्या मावशीच्या पत्त्यावर? ही युक्ती सर्रास सुचवली जाते आणि ती सगळ्यांत धोक्याची आहे. कलम ४० प्रमाणे नोंदणी तिथे करायची जिथे मालक राहतो किंवा त्याचा धंदा आहे आणि जिथे गाडी सहसा ठेवली जाते. सावंतवाडीचा तरुण म्हापशात खरोखर खोली घेऊन राहत असेल आणि गाडी तिथेच उभी असेल, तर त्याचा जीए नंबर सच्चा आहे. गाडी मालवणच्या अंगणात आणि पत्ता पेडण्याच्या नातेवाइकाचा, हे मात्र खोटं निवेदन ठरतं. अशी नोंदणी रद्द होऊ शकते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात घातलेल्या कलम १९२ब मध्ये खोट्या कागदांवर नोंदणी घेणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आणि वार्षिक कराच्या दहापट किंवा आयुष्यभराच्या कराच्या दोन तृतीयांश, यातला जो जास्त असेल तेवढा दंड सांगितला आहे. केरळात २०१७ मध्ये पुदुच्चेरीच्या पत्त्यांवर नोंदलेल्या महागड्या मोटारींचं प्रकरण असंच उघडकीला आलं, आणि त्यात नामवंत सिनेनटांपर्यंत पोलिसांची चौकशी पोचली.

नवी गाडी गोव्यातल्या शोरूममधून घेऊन सिंधुदुर्गात नोंदवण्याचा सरळ मार्ग आहेच. शोरूम तात्पुरती नोंदणी करून देतं. त्या नंबरवर, विमा काढून, गाडी घरी आणायची आणि मुदत संपण्याआधी इथे कायमची नोंदवायची. फरक एवढाच की विक्रेता आणि नोंदणी एकाच राज्यात असली तर अर्ज विक्रेता करतो, पण इथे तो मालकाला स्वतः करावा लागतो. विक्री प्रमाणपत्र (फॉर्म २१), रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र (फॉर्म २२), बिल आणि विमा हे कागद शोरूमकडून मोजून घ्यावेत; पत्त्याचा पुरावा आपला जोडावा. एक कागद राहिला की पुन्हा पत्रादेवी ओलांडणं आलं. आणखी एक जुना समज : तिकडे विक्रीकर कमी. जुलै २०१७ पासून जीएसटी देशभर सारखाच आहे. तफावत उरली ती वाहनकराची आणि शोरूमच्या सवलतीची.

जुन्या गाडीच्या बाबतीत सगळं अवलंबून असतं ते ना-हरकत दाखल्यावर, म्हणजे एनओसीवर. ‘एनओसी एजंट नंतर काढून आणतो’ म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नयेत, हा सल्ला कितीदा दिला तरी कमीच. एनओसी मूळ कार्यालय देतं, फॉर्म २८ वर. देण्याआधी ते गाडी चोरीची नाही ना याचा पोलिसांकडचा अहवाल, कराची थकबाकी आणि बाकी सरकारी देणी पाहतं. जुनी ई-चलानं भरायची राहिली असतील तर गाडं तिथेच अडतं, आणि ती चलानं विक्रेत्याची असतात. तीस दिवसांत कार्यालयाने काहीच कळवलं नाही तर दाखला दिला असं कायदा मानतो, पण व्यवहारात हातात कागद असलेला बरा. दाखल्यावर कोणत्या कार्यालयासाठी तो दिला आहे ते लिहिलेलं असतं. तिथे सिंधुदुर्गऐवजी कोल्हापूर किंवा रत्नागिरी पडलं, तर दुरुस्तीसाठी परत जावं लागतं.

गाडीवर कर्ज असेल तर आधी बोजा उतरवायचा : बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, दोन्ही. कर्ज फिटल्याची नुसती पावती पुरत नाही. आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं आणि पुढची ट्रान्सफर अडते.

फॉर्मवर चासी नंबरचा ठसा लागतो, तो घेणं पाहण्यासारखं असतं. बॉनेटखाली किंवा पुढच्या सीटपाशी जिथे नंबर कोरलेला असेल तिथली धूळ पुसायची, पातळ कागद दाबून धरायचा आणि पेन्सिल आडवी घासत जायची. सतरा अक्षरं-आकडे एकेक करून कागदावर उमटतात. किनाऱ्यावरच्या गाडीला खारं वारं लागलेलं असतं. गंजाने एखादा आकडा बुजला असेल तर आठाचा तीन दिसतो, आणि मग निरीक्षक गाडी पुढे जाऊ देत नाही. सौदा ठरवण्याआधीच हा ठसा घेऊन आरसीशी ताडून पाहावा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि चोरीची किंवा चासी बदललेली गाडी गळ्यात पडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

गोव्यात पर्यटकांना भाड्याने देण्याच्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. त्या निवृत्त झाल्या की कमी किमतीत निघतात. पाटी बदलून पांढरी केली म्हणजे गाडी खासगी झाली, असं होत नाही. परवाना परत केला आहे का आणि आरसीवर वाहनाचा वर्ग बदलला आहे का ते पाहावं, आणि हे काम एनओसीच्या आधी गोव्यातच उरकून घ्यावं.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांविषयीही असाच गैरसमज आहे. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. ते राजधानी परिसरापुरते आहेत, त्यामुळे त्या गाड्या बाहेर विकल्या जातात. पण इथे आणून एमएच ०७ नंबर घेतला की गाडीचं आयुष्य नव्याने सुरू होत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते. त्यानंतर तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरण आलं, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्कच किमान ५,००० रुपये झालं आहे. चौदा वर्षांच्या गाडीवर इथला कर भरणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

आणि बीएच मालिका? १५ सप्टेंबर २०२१ पासून ती सुरू आहे, पण सगळ्यांसाठी नाही. केंद्र-राज्य सरकारी व संरक्षण कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतले लोक आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच तो नंबर मिळतो. त्यांचा कर दर दोन वर्षांनी भरायचा असतो. होमस्टे चालवणाऱ्याला किंवा बागायतदाराला हा मार्ग नाही.

सगळं सरळ झालं की ओरोसला एमएच ०७ चा नंबर पडतो. त्यानंतरची कामं लोक विसरतात. नव्या नंबरची उच्च सुरक्षा पाटी बसवायची, विमा पॉलिसीत नंबर बदलून घ्यायचा आणि फास्टॅगही. तो जुन्या नंबरवरच राहिला तर टोलनाक्यावर गाडी आणि टॅग जुळत नाहीत. जुन्या मालकाच्या नावावरचा फास्टॅग बंद करायला त्यालाच सांगायचं. आणि नव्या आरसीची प्रत जोडून गोव्याच्या कार्यालयात कराच्या परताव्याचा अर्ज टाकायचा, तो मात्र नंबर पडला त्याच महिन्यात.