आग वय पाहते, बाई-पुरुषही पाहते

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी, म्हणजे आताच्या ‘मरीन ड्राइव्ह’वर, संध्याकाळी तीन पिढ्या एकत्र फिरताना दिसतात. भाजण्याचा धोका मात्र प्रत्येकाचा वेगळा.

■ लहान मुले : ज्वाळेपेक्षा कढत चहा, वरण आणि आंघोळीचे पाणी घातक. त्वचा पातळ असल्याने जखम लवकर खोल जाते.

■ तरुण स्त्रिया : ‘लॅन्सेट’मधील २००९च्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००१ साली भारतात आगीने सुमारे १,६३,००० मृत्यू झाले. त्यांपैकी १,०६,००० स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. तरुण वयात एका पुरुषामागे सरासरी तीन स्त्रिया. जमिनीवरची चूल, रॉकेलचा स्टोव्ह, सुटा पदर ही कारणे आहेतच. पण घरातली हिंसाही आहे. १९८६च्या हुंडाबळी कलमात भाजून झालेल्या मृत्यूचा स्पष्ट उल्लेख होता, तो उगाच नव्हता.

■ कमावते पुरुष : विजेचा धक्का, वाफ, तापलेला धातू. शहरालगतच्या उरला-सिलतरा पट्ट्यातील लोखंड-पोलाद कारखान्यांत ही जोखीम रोजची.

■ वृद्ध : बधिर झालेले पाय, मंद हालचाल. शेकोटी किंवा गरम पाण्याची पिशवी चटका देते, तरी उशिरा कळते.

भाजल्यास : आधी आगीपासून किंवा विजेपासून दूर व्हा. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडाने झाका आणि १०८ला फोन करा.